‘अल्ट्रुइझम’ : एका शब्दाची जन्मकथा

परोपकार हा शब्द आपल्याकडे किती जुना आहे हे कोणाला सांगायला नको. शाळेत नुकत्याच जाऊ लागलेल्या पोरालाही तो कळतो. पण जवळजवळ याच अर्थाने इंग्रजीत चालणारा ‘अल्ट्रुइझम’ हा शब्द फार अलीकडचा आहे, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश मुंबईत १८४७ साली छापून निघाला. त्यात हा शब्द शोधायला जाऊ नका. कोशकारांची ती चूक नव्हे. शब्दच तोवर जन्माला आला नव्हता.

बहुतेक शब्दांच्या आईबापांचा पत्ता लागत नाही. याच्या बापाचे नाव मात्र ठाऊक आहे. तो म्हणजे फ्रान्समधला तत्त्वज्ञ ऑग्यूस्त काँत. जन्म १७९८, मृत्यू १८५७. पॅरिसच्या एका नामांकित तंत्रविद्यालयात हा गणिताचा परीक्षक होता. ‘सोशिऑलॉजी’, म्हणजे समाजशास्त्र, हा शब्दही त्यानेच रूढ केला. १८५१ ते १८५४ या काळात त्याचा चार खंडांचा मोठा ग्रंथ निघाला, आणि त्या सुमारास हा नवा शब्द लोकांपुढे आला.

शब्द घडवला कसा, हे पाहण्यासारखे आहे. लॅटिनमध्ये ‘आल्टर’ म्हणजे दोहोंपैकी दुसरा. आपल्या ‘इतर’ किंवा ‘अन्यतर’मधला जो ‘तर’, त्याच कुळातला हा ‘टर’. याच ‘आल्टर’पासून फ्रेंचमध्ये ‘ओत्र्वी’ आणि इटालियनमध्ये ‘आल्त्रुई’ अशी रूपे झाली. शिक्षकबंधूंनी येथे जरा थांबावे. मुळात ही रूपे कर्त्याची नव्हेत. ‘दुसरा’ असा त्यांचा अर्थ नसून ‘दुसऱ्याला’, ‘दुसऱ्याचे’ असा आहे. म्हणजे आपल्या चतुर्थी-षष्ठीचे काम. फ्रेंच कायद्याच्या भाषेत ‘दुसऱ्याचा माल’, ‘दुसऱ्याचा हक्क’ असे म्हणताना हेच रूप येई. काँतने त्याला ‘इझम’ची शेपटी जोडली, आणि ‘इगोइझम’ म्हणजे अहंता, स्वार्थ, या जुन्या शब्दासमोर जोडीदार म्हणून उभे केले. दुसऱ्याचे देणे लागतो, ही विभक्ती त्या शब्दाच्या पोटात राहिली ती राहिलीच.

पण नवा शब्द हवा कशाला होता? दया, दान, भूतदया यांना फ्रेंचमध्ये शब्द नव्हते थोडेच! खरी गोष्ट अशी की, माणूस मुळातच पापी आहे आणि त्याच्या हातून काही चांगले घडले तर ती देवाची कृपा, असे युरोपातले धर्मोपदेशक शतकानुशतके सांगत आले होते. काँतला हे मान्य नव्हते. परहिताची ओढ माणसाच्या अंगचीच आहे, भुकेइतकीच उपजत आहे, असे त्याचे म्हणणे. आमचा परोपकार ही एक कृती आहे आणि तिच्यापाठी पुण्य येते. काँतला कृतीचे नाव नको होते, प्रवृत्तीचे हवे होते.

त्याने मेंदूतल्या प्रवृत्तींचा एक तक्ताच मांडला. भावनेच्या एकंदर दहा प्रवृत्ती. त्यांपैकी सात स्वार्थाच्या आणि तीनच परार्थाच्या : स्नेह, आदर आणि दयाळूपणा. आता ते सात काढून पाहा. भूक, काम, मारण्याची आणि घडवण्याची ऊर्मी, गर्व, मोठेपणाची हौस, आणि त्यांतच, काय सांगावे, आईचे वात्सल्य! आईची माया या गृहस्थाने स्वार्थाच्या कप्प्यात टाकली. कारण त्याच्या मते ती वंश टिकवण्याची ऊर्मी आहे, आणि जनावरातही असते. मी पहिल्यांदा हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. आणि हाच माणूस उतारवयात आपली आई, अकाली वारलेली प्रिय मैत्रीण क्लोतिल्द आणि घरची मोलकरीण सोफी या तिघींना आपल्या रक्षक देवता मानत असे. तक्ता वेगळा आणि मन वेगळे, दुसरे काय?

आणखी एक गंमत. १८४४ साली काँतची परीक्षकाची जागा गेली. तेव्हा लंडनहून जॉन स्टुअर्ट मिलने आपल्या तिघा श्रीमंत स्नेह्यांकडून पैसे मिळवून त्याची वर्षाची बेगमी करून दिली. दुसऱ्या वर्षी त्या मंडळींनी हात आखडला, तर काँत आभार मानायचे सोडून रागावला. विचारवंताला पोसणे हे धनिकांचे कर्तव्यच, असे त्याचे मत. पुढे १८६५ साली मिलने काँतवर पुस्तक लिहिले. त्यात त्याच्या बुद्धीची कदर आहे. पण माणसाने केवळ दुसऱ्यासाठीच जगावे, स्वतःचे सुख धरूच नये, हा हट्ट मिलला पटला नाही. मला वाटते, मिलचेच बरोबर होते.

इंग्रजीत हा शब्द आणला जॉर्ज लुईसने, १८५२-५३च्या सुमारास. पण त्याला घरोघर पोचवले हर्बर्ट स्पेन्सरने. आगरकरांच्या पिढीने ज्याची पारायणे केली तोच हा स्पेन्सर. १८७९ सालच्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात त्याने स्वार्थ आणि परार्थ यांचा वाद प्रकरणेच्या प्रकरणे चालवला, आणि सांगितले की आत्मत्याग हा आत्मरक्षणाइतकाच पुरातन आहे. पुरावा कोणता दिला? आईबाप पिलासाठी झिजतात हाच! काँतने स्वार्थाच्या खात्यात मांडलेली आई अशी पंचवीसएक वर्षांत परार्थाच्या खात्यावर आली.

हा तंटा आपल्याकडेही पोचला. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेले टिळकांचे ‘गीतारहस्य’ ज्यांच्या घरी असेल त्यांनी आधिभौतिक सुखवादाचे प्रकरण उघडावे. स्वार्थ, परार्थ, पाश्चात्यांची मते, सगळे तेथे आहे. याज्ञवल्क्याने मैत्रेयीला सांगितलेले वचनही आहे : पुत्र प्रिय होतो तो पुत्रासाठी नव्हे, आत्म्यासाठी. वरवर ही काँतचीच बाजू वाटेल. पण आत्मा म्हणजे एवढा देहापुरता मी नव्हे, तो सर्वांत एकच, असे धरले की ‘आपला’ आणि ‘दुसरा’ ही भिंतच उरत नाही. भर्तृहरीने केलेली माणसांची वर्गवारीही टिळक तेथे देतात. स्वतःचे सोडून दुसऱ्याचे करणारे, आपले सांभाळून दुसऱ्याचे करणारे, आपल्यासाठी दुसऱ्याला बुडवणारे. आणि चौथे, काही लाभ नसता दुसऱ्याला बुडवणारे. त्यांना काय म्हणावे हे कवीलाही कळले नाही. काँतपाशीही त्यांच्यासाठी शब्द नव्हता.

विसाव्या शतकात हा शब्द जीवशास्त्रज्ञांच्या हाती गेला. डंख मारून स्वतः मरणारी मधमाशी कोणासाठी मरते? पोरात आईचे निम्मे अनुवांशिक द्रव्य असते, भावाभावांतही सरासरी तेवढेच सारखे असते. मग आप्तासाठी केलेल्या त्यागाचा हिशेब मांडता येईल. हॅमिल्टनने १९६४ साली तो गणिताने मांडला. आई पुन्हा काँतच्या कप्प्याकडे सरकली म्हणायची!

त्याआधी १९५५ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी या हिशेबाचे सोपे उदाहरण दिले होते. हे हाल्डेन १९५७ साली इंग्लंड सोडून भारतात आले, पुढे येथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. नदीला पूर आहे, पोर वाहून चालले आहे, उडी घ्यावी की नाही? पोर आपले असेल तर एवढा धोका परवडेल, दूरच्या नात्यातले असेल तर तेवढा. असा सगळा आकडेमोडीचा विचार मांडून झाल्यावर त्यांनी सहज लिहून टाकले आहे की, मी स्वतः दोनदा बुडणाऱ्याला पाण्याबाहेर ओढले, पण तेव्हा हा हिशेब करायला मला सवड झाली नाही.