मोटरसमूह, प्रतिरूप अग्निबाणातील

प्रतिरूप अग्निबाणाच्या तयार संचात सहसा एकाच मोटरीची सोय असते. तिच्या जागी दोन ते चार मोटरी शेजारी शेजारी बसवून एकाच क्षणी पेटवण्याच्या रचनेला मोटरसमूह म्हणतात. देवळालीच्या तोफखाना विद्यालयातील प्रात्यक्षिकांमुळे नाशिककरांच्या परिचयाची झालेली पिनाका प्रणाली या व्याख्येत बसत नाही. पुण्याच्या एआरडीई संस्थेने विकसित केलेल्या या प्रणालीचा एक प्रक्षेपक ४४ सेकंदांत १२ अग्निबाण सोडतो. पण प्रत्येकाची मोटर स्वतंत्र असते आणि एखादा सुटला नाही तरी बाकीचे आपल्या वाटेने जातात. मोटरसमूहात ही मोकळीक नसते. म्हणून संचातील असा बदल वाढलेल्या बळावर न जोखता प्रज्वलनाच्या खात्रीवर जोखणे योग्य ठरते.

इतिहास : छंदासाठीची पहिली मोटर ऑर्व्हिल कार्लाइल यांनी अमेरिकेत १९५४ मध्ये तयार केली.

रचना : प्रचलित मोटर १८ मिमी. व्यासाची व ७० मिमी. लांबीची असते. ‘सी’ वर्गाचा एकूण आवेग ५ ते १० न्यूटन-सेकंद असतो. सी६ प्रकारच्या तीन मोटरी मिळून ‘ई’ वर्गाच्या (२० ते ४०) पट्ट्यात येतात. मात्र शेपटाकडे वजन वाढल्याने गुरुत्वमध्य मागे सरकतो. तो दाबकेंद्राच्या किमान एक नळी-व्यास पुढे राहावा म्हणून नाकात वजन भरावे लागते, आणि मिळालेल्या बळाचा काही वाटा तिथेच खर्ची पडतो. मोटरनळ्यांमधल्या फटीही पक्क्या बुजवाव्या लागतात. नाहीतर पॅराशूट बाहेर ढकलणारा वायू मागच्या मागे निसटतो आणि अग्निबाण थेट जमिनीवर आदळतो.

प्रज्वलन : मोटर पेटवणारे इग्नायटर समांतर जोडतात. एकसरीत जोडल्यास पहिला जळताच मंडल तुटते व उरलेले थंड राहतात. समांतर जोडणीला एकदम जास्त प्रवाह लागतो, म्हणून मोटारगाडीची १२ व्होल्टची बॅटरी वापरण्याची पद्धत आहे. काळ्या दारूच्या मोटरी चटकन पेटतात. संयुक्त इंधनाच्या मोटरींचा पेटण्याचा वेळ कमीजास्त होतो, म्हणून समूहासाठी पहिल्या बऱ्या. एक इग्नायटर शंभरात ९८ वेळा चालतो असे धरले, तर तिन्ही एकत्र चालण्याची शक्यता ९४ टक्क्यांवर उतरते. जोडीतील एकच मोटर पेटली तर बळ अक्षापासून सुमारे १ सेंमी. बाजूला लागते आणि अग्निबाण कलतो. पंख मोठे केल्यास हे निभते, असा प्रतिवाद केला जातो. परंतु पंखांचा उपयोग वेग आल्यावर होतो, तर कल प्रक्षेपणाची सळई सुटताच, वेग कमी असतानाच सुरू होतो.

भारतीय दाखला : इस्रो समूह वापरते, मग हौशींनी का नाही, हा दुसरा आक्षेप. पण तिथे सगळ्या मोटरी एकाच क्षणी पेटत नाहीत : पीएसएलव्ही-एक्सएलच्या सहा जोड-मोटरींपैकी चार जमिनीवर, जोडीजोडीने पेटतात. उरलेल्या दोन उड्डाणानंतर सुमारे २५ सेकंदांनी. शिवाय या अग्निबाणाला दिशानियंत्रण असते, जे संचातल्या अग्निबाणाला नसते. तिथेही प्रज्वलन ही नाजूक बाब आहे : २४ मार्च १९८७ रोजी एएसएलव्हीच्या पहिल्या उड्डाणात बाजूच्या मोटरी जळून संपल्या, पण गाभ्याचा टप्पा पेटलाच नाही.

कायदा : स्फोटके अधिनियम, १८८४ व स्फोटके नियम, २००८ लागू. नियामक संस्थेचे मुख्यालय नागपूर येथे. परवान्याशिवाय दारू भरणे बेकायदा. ओझर व देवळाली या हवाई व लष्करी क्षेत्रांमुळे नाशिक परिसरात उड्डाणाची परवानगी आधी घ्यावी.

मूल्यमापन : प्रज्वलनाचा अभ्यास हाच हेतू असेल तर दोन मोटरींचा समूह पुरेसा आहे. केवळ उंची हवी असेल तर तीन ‘सी’पेक्षा एक ‘ई’ मोटर अधिक भरवशाची.