बोरन्हाणाचा फोटो घरातच स्टुडिओसारखा कसा काढायचा?

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत मोबाईल उघडला की काळ्या कपड्यांतली, हलव्याचे दागिने घातलेली गोंडस बाळं दिसतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतसारख्या तालुक्याच्या गावात बहुतेकांचं बोरन्हाण घरच्या हॉलमध्येच होतं. फोटो मात्र अनेकदा फसतो. चेहरा पांढराफटक पडतो, नाहीतर बाळ हललेलं येतं. असं का होतं आणि त्यावर उपाय काय?

कॅमेरा का फसतो?

कॅमेरा समोरच्या दृश्याचा सरासरी उजेड मोजतो. काळं झबलं जास्त जागा व्यापत असेल तर त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो फोटो उजळवतो. मग पांढरा हलवा आणि बाळाचा चेहरा 'जळतो'. मोबाईलवर बाळाच्या चेहऱ्यावर बोट टेकवा आणि ब्राइटनेसची पट्टी थोडी खाली ओढा. कॅमेरा असेल तर एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी करा. हलव्याचे दाणे वेगवेगळे दिसले, की एक्स्पोजर बरोबर.

दिवा कुठे ठेवायचा?

एक मोठा, मऊ प्रकाश पुरतो. साधारण 90 सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स किंवा पांढरी छत्री बाळापासून एक-सव्वा मीटरवर, समोरून 45 अंश बाजूला आणि डोळ्यांपेक्षा थोडी वर लावा. दुसऱ्या बाजूला पांढरी थर्माकोलची शीट उभी करा, सावली सौम्य होते. दिवा एक मीटरवरून दोन मीटरवर नेला तर छोट्या दिव्याचा उजेड निम्मा नाही, चौथाई होतो. प्रकाश जितका मोठा आणि जवळ, तितक्या सावल्या मऊ.

काळे कपडे काळसर पडद्यात मिसळून जातात. म्हणून फिकी पार्श्वभूमी निवडा आणि बाळाला भिंतीपासून किमान एक मीटर पुढे बसवा.

सॉफ्टबॉक्स नसेल तर? थेट ऊन न येणारी मोठी खिडकी, तिच्यावर पातळ पांढरा पडदा आणि समोर तीच थर्माकोलची शीट. वीज गेली तरी हा दिवा चालू राहतो! फक्त घरातला पिवळा बल्ब बंद ठेवा, नाहीतर चेहऱ्यावर दोन रंग दिसतात.

बोरं पडतानाचा क्षण

बोरं, उसाचे करवे, चुरमुरे डोक्यावरून ओतताना शटर 1/500 च्या आसपास हवं. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागतो, थोडे दाणे आले तरी चालतील. फ्लॅश वापरत असाल तर बहुतेक कॅमेऱ्यांत 1/200 ची मर्यादा असते, पण खोलीत बाकी उजेड कमी असेल तर फ्लॅशचा क्षणिक झोतच हालचाल गोठवतो. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. वेगवान शटरला फोटोत पट्टे उमटतात. तसे दिसले तर शटर 1/100 वर आणा किंवा खिडकीचा उजेड घ्या.

सुरक्षा आधी

स्टँडच्या पायांवर वाळूची पिशवी ठेवा आणि वायर चिकटपट्टीने जमिनीला चिकटवा. हॅलोजन खूप तापतो, तो टाळा. बाळाच्या हाताच्या अंतरावर एक मोठं माणूस कायम असू द्या. साध्या फ्लॅशने निरोगी बाळाचे डोळे जातात ही समजूत चुकीची आहे, पण अगदी जवळून वारंवार झोत मारला तर बाळ दचकतं. छत्रीतून किंवा छतावर आपटून आलेला प्रकाश बरा.

फोटो टाकण्याआधी डोळे बघा

मोबाईलच्या फ्लॅशने दोन्ही डोळ्यांत लाल ठिपका दिसणं साधं आहे. पण एकाच डोळ्यात पांढरी किंवा पिवळसर चमक पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर लगेच नेत्रतज्ज्ञांना दाखवा. कधी ती फक्त कॅमेऱ्याच्या कोनामुळे येते, कधी मोतीबिंदू असतो, तर कधी रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याचा कर्करोग. तो बहुतांशी पाच वर्षांखालील मुलांना होतो आणि लवकर कळला तर जीव वाचतो, अनेकदा डोळाही. असा फोटो डिलीट करू नका, डॉक्टरांना दाखवायला जपून ठेवा.