देहूरोडची मूर्ती आणि आपली भक्ती

तळेगाव दाभाडेहून पुण्याच्या लोकलने निघालं की तिसरं स्टेशन देहूरोड. २५ डिसेंबर १९५४, ऐन नाताळच्या दिवशी, बाबासाहेबांनी तिथे रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसवली. १९४३ मध्ये रानडे-गांधी-जीनांवरील भाषण छापताना स्वतःला मूर्तिभंजक म्हणवणाऱ्या बाबासाहेबांनी मूर्ती का बसवली?

उत्तर त्यांच्या १९५० च्या लेखात आहे. येशूने स्वतःला देवाचा पुत्र म्हटलं. बुद्ध माणूसच राहिला. त्याने मोक्ष देण्याचा दावा केला नाही, मार्ग दाखवला. आपली शिकवण तपासायची, कालबाह्य भाग छाटायचा हक्कही अनुयायांना दिला. देहूरोडला बसली ती अशा विनम्र माणसाची मूर्ती.

नुसत्या मूर्ती टाकूनही भागत नाही. ख्रिस्ती झालेल्यांत जात तशीच राहिली, हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय.

आणि आपण? २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी बजावलं की राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे, हुकूमशाहीकडे नेते. तरी आपण नेत्यांच्या पाया पडतो, बाबासाहेबांवर प्रश्न विचारणाऱ्याला गद्दार ठरवतो. मित्रांनो, येत्या २५ डिसेंबरला देहूरोडला वंदना घ्या, मग तिथेच बसून तो लेख वाचा. पटलं नाही तिथे वाद घाला. जयभीम!