पंचेचाळीस मजली थकबाकी

अर्धवट बांधकामावरचे गज गंजले, की ओळखावं : मालकाचा नव्हे, पैशाचा दम संपला. असे गज गावोगावी दिसतात. पण आम्ही तासगावकर. गणपतीचं सात मजली गोपूर बघतानाच आमची मान दुखते. तिकडे व्हेनेझुएलात, काराकास शहराच्या ऐन मध्यवस्तीत, लोकांनी 45 मजले अर्धवट टाकले!

1990 साली डेव्हिड ब्रिलेमबर्ग या धनिकाने बँका-कचेऱ्यांसाठी हा मनोरा बांधायला घेतला. 1993 साली तो वारला. 1994 साली तिथल्या बँकाच कोसळल्या. इमारत सरकारच्या गळ्यात पडली आणि काम थांबलं. लिफ्ट नाही, कठडे नाहीत. लोक म्हणू लागले, 'डेव्हिडचा मनोरा'. भांडवल बुडालं, नाव तेवढं तरलं!

2007 साली बेघर माणसं आत शिरली. 28व्या मजल्यापर्यंत बिऱ्हाडं थाटली. विटा रचून भिंती केल्या, वीज-पाणी वर चढवलं, वाण्याची दुकानं निघाली, न्हावी आला. दहा मजले मोटारसायकलवर, पुढे आपले पाय. कठड्यांअभावी माणसं पडून दगावलीही. 2014 साली सरकारने त्यांना दुसरीकडे घरं देऊन हलवायला सुरुवात केली. मनोरा पुन्हा ओस पडला. 2018 च्या भूकंपात त्याचे वरचे मजले कलले.

आमच्या बँकेच्या भाषेत ही सात वर्षं म्हणजे 'अतिक्रमण'. एका शब्दात खातं बंद! पण खरं सांगू? त्या इमारतीत संध्याकाळी कुणी 'घरी' परतलं असेल, तर ते याच सात वर्षांत. ही रक्कम जमेला धरायची की नावे टाकायची, हे बी. कॉम.ला कुणी शिकवलं नाही.