वनराज भाटिया: लंडन-पॅरिसला सिम्फनी शिकले, भारतात येऊन जिंगल्सवर जगले

धबधब्याखाली न्हाणारी लिरिलची मुलगी आणि मागे वाजणारी ती बिनशब्दांची धून. ‘मंथन’ सिनेमाचं गाणं, जे पुढं अमूलच्या जाहिरातीतून घराघरात गेलं. दूरदर्शनवर ‘भारत एक खोज’ सुरू होताना घुमणारं ऋग्वेदातलं सूक्त.

या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्यांचं नाव वनराज भाटिया. त्यांचं मूळ शिक्षण ना जाहिरातीचं होतं, ना सिनेमाचं. ते लंडन आणि पॅरिसमध्ये शिकलेले पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचे रचनाकार होते, म्हणजे बीथोवन आणि चायकोव्स्की जे काम करायचे त्याच कामाचे. मग असा माणूस साबणाच्या जिंगलपर्यंत कसा आला? आणि परदेशात राहिला असता तर काय झालं असतं?

थोडक्यात माहिती

- जन्म: ३१ मे १९२७, मुंबई
- शिक्षण: एल्फिन्स्टन कॉलेज (इंग्रजी विषयात एम.ए.), रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक, लंडन, त्यानंतर पॅरिसमध्ये नादिया बुलांझे यांच्याकडे
- महत्त्वाचे चित्रपट: अंकुर, मंथन, भूमिका, जुनून, ३६ चौरंगी लेन, कलयुग, मंडी, जाने भी दो यारो, त्रिकाल
- मालिका: खानदान, यात्रा, तमस, भारत एक खोज
- सन्मान: ‘तमस’साठी राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार (१९८८), संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९८९), पद्मश्री (२०१२)
- निधन: ७ मे २०२१, मुंबई

सुरुवात मिरजेच्या देवधर मास्तरांच्या शाळेत

भाटिया मुंबईच्या कच्छी-गुजराती व्यापारी समाजातले. लहानपणी ते हिंदुस्थानी संगीत शिकले ते देवधर स्कूलमध्ये.

ही शाळा कुणाची? तर प्रो. बी. आर. देवधर यांची. देवधर मूळचे मिरजेचे, विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. पलुस्कर स्वतः मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले होते. म्हणजे आपल्या सांगली-मिरजेकडची ही परंपरा देवधरांनी मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ नेली. कुमार गंधर्व घडले तेही याच शाळेत. देवधरांचं वेगळेपण असं की त्यांनी पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला होता. त्यामुळं या शाळेत बाहेरच्या सुरांना दार बंद नव्हतं.

किशोरवयात भाटियांच्या कानावर चायकोव्स्कीचा पहिला पियानो कॉन्चेर्टो पडला आणि त्यांची दिशा बदलली. डॉ. माणेक भगत यांच्याकडे ते चार वर्षं पियानो शिकले. १९४९ मध्ये एम.ए. झाले आणि पुढं थेट लंडन गाठलं.

रचनाकार म्हणजे नेमकं काय करतो?

इथं एक गोष्ट समजून घेऊ, नाहीतर पुढची अडचण लक्षात येणार नाही.

आपल्याकडं गायक मैफलीत बसतो आणि राग त्याच्या गळ्यातून तिथल्या तिथं उलगडत जातो. रचनाकार आणि कलाकार बहुतेक वेळा एकच असतो. दोन तंबोरे, तबला, पेटी एवढ्यावर मैफल उभी राहते.

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात ही दोन कामं वेगळी आहेत. रचनाकार टेबलाशी बसून प्रत्येक वाद्यानं कुठला सूर, किती वेळ, किती जोरात वाजवायचा हे कागदावर लिहितो. एकाच वेळी व्हायोलिन एक वाजवतील, चेलो दुसरं, बासरी तिसरं. हे सगळे सूर एकावर एक रचून जो परिणाम तयार होतो, त्याला हार्मनी म्हणतात. ‘फ्यूग’ हा त्यातला एक अवघड प्रकार. एक आवाज एक धून सुरू करतो, थोड्या वेळानं दुसरा आवाज तीच धून वेगळ्या सुरावरून उचलतो, मग तिसरा येतो आणि सगळे एकमेकांत न अडकता पुढं चालत राहतात.

पण कागदावरचं हे संगीत ऐकायचं असेल तर ते वाजवणारे लोक लागतात. मोठ्या सिम्फनीला सत्तर-ऐंशी वादक, त्यांच्या तालमी, सभागृह आणि तिकीट काढून येणारा श्रोता. यातलं काही नसेल तर रचना कपाटात पडून राहते. भाटियांच्या आयुष्यातली सगळी ओढाताण इथून सुरू होते.

लंडन आणि पॅरिस

लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये भाटियांना हॉवर्ड फर्ग्युसन आणि अॅलन बुश यांच्यासारखे शिक्षक मिळाले. सर मायकेल कोस्टा शिष्यवृत्ती मिळाली आणि १९५४ मध्ये सुवर्णपदकासह ते बाहेर पडले.

त्यानंतर रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले. पुढं फ्रेंच सरकारची शिष्यवृत्तीही मिळाली. तिथं त्यांच्या गुरू होत्या नादिया बुलांझे.

विसाव्या शतकातल्या संगीतात या बाईंचं नाव फार मोठं आहे. अमेरिकेचे एरन कोपलंड, अर्जेंटिनाचे अस्तोर पियाझोला, पुढं फिलिप ग्लास आणि मायकेल जॅक्सनचे निर्माते क्विन्सी जोन्स, हे सगळे त्यांच्याकडं शिकले. पियाझोला युरोपियन पद्धतीच्या रचना घेऊन गेले होते. बुलांझेंनी त्यांचा टँगो ऐकला आणि तुझं खरं संगीत हेच आहे, ते सोडू नको, असं बजावलं. शिस्त युरोपची, पण आवाज स्वतःच्या मातीचा, ही त्यांची शिकवण होती.

भाटियांनी बुलांझेंकडं पाच वर्षं काढली. पुढं भारतीय रागांची सुरावट आणि पाश्चात्त्य पद्धतीची बांधणी एकत्र आणण्याचं काम त्यांनी जन्मभर केलं.

परत आले तेव्हा मुंबईत काय होतं?

१९५९ मध्ये भाटिया भारतात परतले. वेळ मात्र अवघड होती.

मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. पण १९५५ मध्ये मेहली स्वतः इंग्लंडला गेले. त्यांचा मुलगा झुबिन त्याआधीच, १९५४ मध्ये, व्हिएन्नाला शिकायला गेला होता. गोव्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला. पण तेही पुढं अमेरिकेला गेले. ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात त्यांचं नाव आलं ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळं.

म्हणजे मुंबईत चांगले वादक होते. विशेषतः गोव्याचे व्हायोलिन आणि ट्रम्पेट वादक तर भरपूर होते. पण त्यांची रोजीरोटी सिनेमाच्या रेकॉर्डिंगवर होती. नव्या सिम्फनीच्या तालमीला पगार कोण देणार?

भाटियांनी १९६० ते १९६५ या काळात दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्र शिकवलं. शिवाय परतल्यावर लगेच जाहिरातींचं काम सुरू केलं. शक्ती सिल्क साड्यांच्या जाहिरातीपासून सुरुवात झाली आणि जाहिरातपटासाठी खास संगीत रचणारे भारतातले पहिले संगीतकार म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. लिरिल, गार्डन वरेली, ड्युलक्स अशी यादी वाढत गेली. त्यांनी केलेल्या जिंगल्सचा आकडा सात हजारांच्या घरात सांगितला जातो.

तीस सेकंदांत लक्षात राहील अशी धून बसवणं सोपं नसतं. पण फ्यूग लिहायला शिकलेल्या माणसासाठी हा पोटापाण्याचा मार्ग होता, हेही तितकंच खरं.

श्याम बेनेगल भेटले आणि मार्ग निघाला

श्याम बेनेगलही जाहिरातींच्याच दुनियेतले. १९७४ मध्ये त्यांनी ‘अंकुर’ केला आणि संगीत भाटियांना दिलं. पुढची वीसेक वर्षं बेनेगलांच्या बहुतेक चित्रपटांना भाटियांचंच संगीत होतं.

‘मंथन’ (१९७६) हा गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केलेला सिनेमा. त्याच्या गाण्यासाठी प्रीती सागर यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. ऐकताना ते अस्सल लोकगीत वाटतं. पण ती धून भाटियांची.

‘भूमिका’ (१९७७) मराठी माणसाला आणखी जवळचा, कारण तो हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर बेतला होता. सिनेमात मराठी-हिंदी चित्रसृष्टीचा जुना काळ दिसतो, त्यामुळं संगीतही त्या त्या काळातलं वाटणं गरजेचं होतं. ‘त्रिकाल’ (१९८५) मध्ये पोर्तुगीज सत्ता संपतानाचा गोवा, ‘३६ चौरंगी लेन’ (१९८१) मध्ये कोलकात्यातली एकटी अँग्लो-इंडियन शिक्षिका. या दोन्हीकडं भाटियांचं पाश्चात्त्य शिक्षण थेट कामी आलं.

‘भारत एक खोज’च्या शीर्षकसंगीतात त्यांनी ऋग्वेदातलं नासदीय सूक्त घेतलं. हिंदी रूपांतर मराठीभाषक कवी-अनुवादक वसंत देव यांचं. शब्द वैदिक, पण समूहस्वरांची मांडणी चर्चमधल्या कॉयरसारखी. दोन परंपरा एकत्र आणणं म्हणजे काय, हे समजायला एवढी दोन-तीन मिनिटं पुरेशी आहेत.

मग शास्त्रीय रचनांचं काय झालं?

भाटियांनी त्या लिहिणं थांबवलं नाही. पियानोसाठी ‘फँटसिया अँड फ्यूग इन सी’, तंतुवाद्यांसाठी ‘सिन्फोनिया कॉन्चेर्टान्ते’, चेलोसाठी ‘रेव्हरी’ अशी त्यांची कामं आहेत. सर्वांत मोठं काम म्हणजे गिरीश कार्नाड यांच्या नाटकावरचा ‘अग्निवर्षा’ हा ऑपेरा.

हा ऑपेरा रंगमंचावर आला तो २०१२ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये. तेव्हा भाटियांनी ऐंशी ओलांडली होती. ‘रेव्हरी’ जगप्रसिद्ध चेलोवादक यो-यो मा यांनी जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत वाजवली. तेव्हा ते ९१ वर्षांचे होते.

परदेशात राहिलेल्यांचं काय झालं?

तुलनेसाठी त्याच वाटेवरची काही नावं पाहू.

- नरेश सोहल: जन्म १९३९, पंजाब. १९६२ मध्ये ब्रिटनला गेले आणि तिथंच राहिले. त्यांची ‘द वाँडरर’ ही रचना १९८२ मध्ये बीबीसी प्रॉम्स या प्रसिद्ध महोत्सवात सादर झाली.
- परम वीर: जन्म १९५२, दिल्ली. १९८४ पासून लंडनमध्ये. त्यांचे दोन छोटे ऑपेरा १९९२ मध्ये अॅम्स्टरडॅममध्ये रंगमंचावर आले. त्यातला एक टागोरांच्या कवितेवर आधारित आहे.
- शिरीष कोर्डे: जन्म १९४५, युगांडातलं कंपाला. १९६५ मध्ये अमेरिकेला गेले. मॅसॅच्युसेट्समधल्या कॉलेज ऑफ द होली क्रॉसमध्ये १९७७ पासून शिकवू लागले. तबला, राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणणाऱ्या रचना केल्या.
- संदीप भागवती: जन्म १९६३, मुंबई. जर्मनीत घडले, पुढं कॅनडात माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात प्राध्यापक.

या लोकांचा संसार कसा चालतो? तिकडं ऑर्केस्ट्रा, महोत्सव किंवा रेडिओ एखाद्या रचनाकाराला आगाऊ पैसे देऊन नवी रचना लिहायला सांगतात. याला कमिशन म्हणतात. त्याच्या जोडीला विद्यापीठातली नोकरी आणि रचना वाजली की मिळणारी रॉयल्टी. श्रीमंती येते असं नाही, पण लिहिलेलं वाजतं. दुसऱ्या बाजूला, त्यांचं नाव भारतातल्या सामान्य श्रोत्यापर्यंत क्वचितच पोचतं.

भाटियांचं नेमकं उलटं झालं. त्यांची धून कोट्यवधी लोकांच्या ओठांवर गेली. पण ज्यासाठी ते शिकले होते, ते संगीत फार थोड्यांनी ऐकलं.

शेवटची वर्षं आणि रॉयल्टीचा प्रश्न

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये बातम्या आल्या की पद्मश्री वनराज भाटिया आजारी आहेत, हाताशी पैसे नाहीत आणि घरातल्या वस्तू विकायची वेळ आली आहे. त्यानंतर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस ही संगीतकार-गीतकारांची संस्था आणि काही चाहते मदतीला आले.

अशी वेळ कलाकारांवर का येते, याचं एक कारण व्यवस्थेत आहे. आपल्याकडं जिंगल आणि सिनेसंगीताला वर्षानुवर्षं एकदाच मानधन मिळायचं. हक्क निर्मात्याकडं किंवा कंपनीकडं जायचे. नंतर ती धून हजार वेळा वाजली तरी रचनाकाराच्या हाती काही पडेलच असं नव्हतं. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि सिनेमातल्या गाण्याच्या इतर वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला आपला वाटा संगीतकार-गीतकारांना सोडून देता येणार नाही, अशी तरतूद आली. पण भाटियांचं बहुतेक काम त्याच्या कितीतरी आधीचं.

आज काय बदललं आहे?

२००६ मध्ये मुंबईच्या एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. म्हणजे भाटिया परतल्यानंतर तब्बल ४७ वर्षांनी देशात असा व्यावसायिक वाद्यवृंद उभा राहिला. त्यात आजही परदेशी वादक मोठ्या संख्येनं असतात. भारतीय रचनाकाराच्या नव्या कामाला नियमित पैसे आणि तालमी देणारी यंत्रणा मात्र अजून बाळसं धरायची आहे.

तोवर आपल्या हातात एवढं आहे: पुढच्या वेळी ‘भारत एक खोज’चं शीर्षकसंगीत लावाल तेव्हा हेडफोन घाला आणि एकावर एक चढत जाणारे आवाज मोजायचा प्रयत्न करा. मिरजेच्या परंपरेतली शाळा आणि पॅरिसच्या बाईंची शिस्त, दोन्ही त्यात ऐकू येतील.