किरकिर : एका शब्दाची कुळकथा

वऱ्हाडात पावसाळी रात्री रातकिडे करतात ती किरकिर. आजारी लेकराची तीही किरकिर, आणि निंदणाला आलेल्या बाईने मजुरी वाढवून मागितली की तीही किरकिरच. किडा, लेकरू आणि मजूर यांना एकच शब्द लागतो, हा प्रश्न निव्वळ व्युत्पत्तीचा नाही.

व्युत्पत्ती तशी सोपी आहे. प्रत्येक मराठी शब्दामागे संस्कृत धातू शोधण्याची आपल्या पंडितांना खोड. येथे तिची गरज नाही. किरकिर, चिवचिव, कावकाव हे अनुकरणवाचक शब्द होत. जसे ऐकले तसे म्हटले. खुद्द यास्काने निरुक्तात ‘काक’ हा शब्द आवाजाच्या अनुकरणातून आला, पक्ष्यांच्या नावांत असे पुष्कळदा घडते, असे नोंदविले आहे. औपमन्यवाला ते मान्य नव्हते, हेही तोच सांगतो. म्हणजे संस्कृतलाही हे शब्द कानानेच दिले. कान कोणाचे? अकोला-अमरावतीच्या काळ्या रानात जवारी दाण्यावर आली की गोफण घेऊन पाखरे हाकणाऱ्यांचे, रात्री गाव राखणाऱ्या जागल्याचे. कोशात शब्द येतो; हे कान येत नाहीत.

उलट, ज्यांनी आवाज टिपले त्यांच्याच बोलण्याला आवाज ठरविले गेले. ही रीत जुनी आहे. ऐतरेय आरण्यकात वंग, मगध, चेर या लोकांना पक्षी म्हटले आहे, असा अर्थ काही अभ्यासक लावतात. शतपथ ब्राह्मणात असुरांचा पराभव होतो तो अशुद्ध उच्चारामुळे, आणि त्या बोलण्याला नाव मिळते म्लेच्छ. ग्रीकांचा ‘बार्बारोस’ हा शब्दही परक्यांच्या बोलण्याची नक्कलच. हेरोडोटस दोदोना येथील बोलक्या कबुतराच्या कथेचा उलगडा करतो : ती इजिप्तहून आणलेली बाई होती. तिचे बोलणे कळेना तोवर ती पक्षी. कळू लागले तेव्हा कबुतर माणसासारखे बोलले, असे लोक म्हणाले. भाषा शिकण्याचे काम मात्र तिच्याच माथी!

१३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीत डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली. प्रश्न अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा होता. ज्यांचे म्हणणे गावात किरकिर ठरत होते, ते आता सभेत आपला हक्क सांगत होते.

विद्यार्थ्यांनी वऱ्हाडी शब्द गोळा करताना अर्थाशेजारी आणखी एक रकाना आखावा : कोण कोणाला म्हणतो. ‘किरकिर करू नको’ असे मालक मजुराला म्हणतो. मजूर मालकाला तसे म्हणाल्याचे मी अजून ऐकलेले नाही.