अंजदीव ते मालिंदी : वास्को-द-गामाचा परतीचा प्रवास (इ. स. १४९८-९९)

वास्को-द-गामाने भारताचा जलमार्ग 'शोधला' असे विधान पाठ्यपुस्तकांतून सर्रास आढळते. आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या मार्गापुरते ते ग्राह्य आहे. मालिंदी ते मलबार हा मार्ग मात्र अरब व गुजराती खलाशांच्या शतकानुशतकांच्या परिचयाचा होता. गामाचाच परतीचा प्रवास याचा बोलका पुरावा होय.

८ जुलै १४९७ रोजी चार जहाजे लिस्बनहून निघाली. दक्षिण अटलांटिकमध्ये सुमारे तीन महिने जमीन दृष्टीस पडली नाही. विषुववृत्ताच्या दक्षिणेस ध्रुवतारा दिसत नसल्याने मध्यान्हीच्या सूर्यावरून अक्षांश काढावे लागत. समुद्रावर रेखांश ठरविण्याचे विश्वसनीय साधन तर अठराव्या शतकापर्यंत उपलब्ध नव्हते. मालिंदीच्या राजाने गामाला जाणकार वाटाड्या दिला. तो इब्न माजिद असल्याचे जुने मत आता अभ्यासकांना मान्य नाही. पोर्तुगीज साधनांत तो गुजराती असल्याचा उल्लेख येतो. त्याच्या मार्गदर्शनाखाली २४ एप्रिल १४९८ रोजी निघालेली तीन जहाजे २० मे रोजी, म्हणजे २६ दिवसांत, कालिकतनजीक पोहोचली.

कालिकतच्या सामुरीशी संबंध बिघडल्यावर गामा ऑगस्टअखेर निघाला. कारवारनजीकच्या, आज गोवा राज्यात असलेल्या अंजदीव बेटावर त्याने जहाजांची डागडुजी केली आणि ५ ऑक्टोबर रोजी पश्चिमेस प्रस्थान ठेवले. चूक नेमकी येथेच झाली. नैर्ऋत्य मोसमी वारे ओसरले होते, ईशान्य वारे अद्याप स्थिरावले नव्हते. किनाऱ्यावरील अनुभवी नाखव्याने या दिवसांत आफ्रिकेकडे जहाज हाकारले नसते. (पुढे सतराव्या शतकात खानदेशातून सुरतेस जाणाऱ्या बऱ्हाणपुरी कापडाचा परदेशी व्यापारही याच वाऱ्यांच्या हंगामाने बांधलेला होता.)

परिणामी जहाजे कधी निर्वात समुद्रात खोळंबली, तर कधी प्रतिकूल वाऱ्यांनी मागे रेटली गेली. हिरड्या सुजून दातांवर चढू लागल्या, अंगावर सूज आली. ताज्या फळभाज्यांच्या अभावी होणाऱ्या या स्कर्व्ही रोगाने सुमारे तीस खलाशी दगावले. प्रत्येक जहाजावर काम करण्याजोगे सात-आठच उरले. ७ जानेवारी १४९९ रोजी, ९४ दिवसांनी, मालिंदी गाठल्यावर रुग्णांसाठी संत्री मागविण्यात आली. संत्र्या-लिंबांचा गुण जेम्स लिंडने प्रयोगाने दाखविला तो १७४७ मध्ये. खलाशांना तो अनुभवाने आधीच उमगला होता, असे दिसते.

तीन जहाजे चालविण्याइतकी माणसेच आता उरली नव्हती. पुढील काही दिवसांतच 'सां राफाएल' हे जहाज रिकामे करून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाळून टाकावे लागले.